माझ्या अंगावरच्या तीन रेघा

मी महाडातल्या एका घराची मधली भिंत बोलते आहे. लोकपरंपरेने मला कान दिले, तोंड मात्र दिले नाही. भिंतीला कान असतात असे एकमेकांना बजावून माणसे आवाज खाली आणतात. पण इतके ऐकणारीला कधी काही सांगायचेही असेल, हा विचार त्या म्हणीत कुठेच नाही. अठ्ठावीस वर्षे मी नुसती ऐकत आले. आज बोलते आहे, कारण उद्या सकाळी कोंडाजी गवंडी येणार आहे आणि त्याचा घण आत्ताच माझ्या पायाशी टेकवून ठेवलेला आहे.

माझ्या एका अंगाला घराची पुढची मोठी खोली, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकघर. एका कडेला दार. बाहेरच्या भिंतींना ऊन, पाऊस, रस्ता असे काही पाहायला मिळते. मधल्या भिंतीच्या वाट्याला फक्त माणसे येतात. पुढच्या खोलीत ती जशी बोलतात तशी स्वयंपाकघरात बोलत नाहीत, हे मला जितके ठाऊक आहे तितके घरातल्या कोणालाही नाही.

माझा जन्म १९७५ सालच्या उन्हाळ्यातला. घर बांधत होते श्रीपतराव, ज्यांना सारी आळी अण्णा म्हणे. त्यांचा मुलगा रघुवीर तेव्हा श्रीवर्धनला शिक्षक होता, आणि सून चारुशीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. म्हणून माझ्या जन्माच्या वेळी जे बोलणे झाले ते दोघांनीच ऐकले, अण्णांनी आणि कुडपणहून कामाला उतरलेल्या सोनबा गवंड्याने. तिसरी मी. गुडघाभर उंचीची होते.

“हा खड्डा कसला रे सोनबा?” अण्णांनी विचारले.

“खांबाचा, अण्णा. नकाशात हाय तिथंच. बरोबर खोलीच्या मध्यावर.”

“मध्यावर? पावसाळा सरला की इथं नातवाचं बारसं घालायचंय. पंगतीच्या मधोमध खांब? वाढणाऱ्यानं काय खांबाच्या पानात भात वाढायचा?”

सोनबा हसला नाही. त्याने वर पाहिले, जिथे अजून आकाश होते. “खांब नको तर नको. पन मंग माडीचं सारं वझं तुळईवरनं ह्या भितीच्या टाळक्यावर येतंय. ही निस्ती आडभित. हिचा पाया आडभितीपुरताच भरलाय.”

“मग भिंत रुंद कर.”

“रुंद करतो. पन पाया आता खोल कसा करू? अण्णा, येक ध्यानात ठेवा. हिला हात लावायचा नाय. कदीच नाय. कुठंतरी लिवून ठेवा.”

“ठेवतो रे, ठेवतो.”

खड्डा बुजवला गेला. मी रुंद झाले, उंच झाले, आणि एके दिवशी तुळईचे टोक माझ्या माथ्यावर, बरोबर मध्यभागी, येऊन बसले. तेव्हापासून मला जी भीती लागली ती आजतागायत सुटलेली नाही. खांबाला खांब म्हणतात, म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. मला भिंत म्हणत होते, आणि काम खांबाचे करत होते.

बारशाच्या दिवशी अकरा पाने एका ओळीत मांडली गेली. अण्णा दारात उभे राहून आल्यागेल्याला दाखवत होते, “बघा, मध्ये एक खांब नाही!” ते वाक्य या घराचे भूषण झाले. अण्णा गेल्यावर रघुवीरराव ते म्हणू लागले. बारसे ज्याचे होते तो आमोद मोठा झाल्यावर तोही म्हणू लागला. कुळाच्या बढाईत कुळाचा धोका लपलेला असतो, हे मी त्या घरात उभी राहून शिकले. लिहून ठेवायचे ते कोणी लिहिले नाही. मिरवायचे ते मात्र तोंडपाठ झाले.

अठ्ठावीस वर्षांत मी सर्वांत जास्त जर कोणाला ओळखले असेल तर ते चारुशीलाबाईंना. पुढच्या खोलीत सगळे जेवायला बसत. त्या स्वयंपाकघरात पोळ्या करत, आणि मधूनमधून माझ्याकडे तोंड करून विचारत, “आमटी हवी का कुणाला?” पलीकडून कोणीतरी ओरडे, “हवी!” आमटी घेऊन त्या दाराने वळसा घालून जात आणि परत येत. सगळ्यांचे झाले की आपले ताट घेऊन त्या पाटावर बसत आणि पाठ मला टेकवत. चुलीची, नंतर गॅसची धग घेतलेली ती पाठ कढत असे. मला वाटे, या घरात दोघींच्या डोक्यावर ओझे आहे आणि दोघींनाही ते सांगता येत नाही. एकमेकींना टेकण्यापलीकडे आम्हांला काही जमत नव्हते.

आता रेघांविषयी सांगते.

महाडला सावित्री नदी घरात येते. पाऊस हाताबाहेर गेला की ती गल्ल्यांतून चढते, उंबरठा ओलांडते, एखादी रात्र थांबते आणि गाळ टाकून परत जाते. या घराची रीत अशी, की पाणी ओसरल्यावर गाळ काढायच्या आधी घरातल्या बाईने माझ्यावर उमटलेली पाण्याची खूण गेरूने रेखायची. नुसती एक खूण करून भागत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड रेघ ओढायची. मग तिला हळदकुंकू लावून म्हणायचे, “बाई, आलीस, बसलीस. आता ओटी घे आणि सुखाने जा.” ज्याची भीती वाटते त्याला नातेवाईक करून घ्यायचे, ही आपल्या लोकांची फार जुनी युक्ती आहे. नदी माहेरवाशीण झाली की तिला शिव्या देता येत नाहीत, पण तिला निरोप मात्र देता येतो.

पहिली रेघ आमोद पहिल्यांदा शाळेत गेला त्या वर्षीची, दुसरी तो दहावीच्या उंबरठ्यावर असतानाची, तिसरी चौऱ्याण्णव सालची. रंगारी आला की चारुशीलाबाई त्याला दम देत, “रेघांना चुना लागला तर मजुरी कापेन.” तो रेघा सोडून रंगवी. चिरा मात्र बुजवी. होय, मला चिरा पडत होत्या. दर पुरात पाया भिजे आणि माझा मधला भाग केसभर खाली बसे. वर माडीवरचे दार घासू लागे, रघुवीरराव म्हणत, “दमट हवा आहे.” दिवाळीला चिरांमध्ये लांबी, म्हणजे रंगाऱ्याचा खडूचा लगदा, भरली जाई, दाराला रंधा मारला जाई, आणि घर पुन्हा निश्चिंत होई. त्या निश्चिंतीचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटे.

आमोदचे लग्न झाले आणि मैथिली घरात आली. तो एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला; ती पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचे शिकलेली. महाडात ती दुकाने, दवाखाने सजवून देऊ लागली. २००३ च्या मार्चमध्ये एका संध्याकाळी तिने चहाच्या टेबलावर कागद पसरला. बैठक, जेवण आणि स्वयंपाक, तिन्हींची मिळून एकच मोकळी जागा. त्या कागदावर मी नव्हते.

“मधली भिंत काढायची,” ती म्हणाली. “मग बघा, मागच्या खिडकीचा उजेड थेट पुढच्या दारापर्यंत. स्वयंपाकाच्या बाजूला खाली काळी फरशी, बैठकीला पांढरी. भिंत नसली तरी जागा आपोआप वेगळी कळते. मध्ये जेवणाचं टेबल, त्याच्यावर दोन टांगते दिवे. आणि ओटा असा फिरवून घ्यायचा, की पोळ्या करणाऱ्याचं तोंड माणसांकडे राहील.”

“आणि फोडणीचा ठसका पाहुण्यांच्या नाकात,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

“चिमणी बसवू की, आई.”

“ओट्यावरचा पसारा आल्यागेल्याला दिसणार.”

भांडी घासणारी, सव गावची रंगूबाई मोरीतूनच म्हणाली, “माजं काय गो वहिनी? मी भांडी घासताना पन पाव्हनं बघत बसणार का काय?”

“तिकीट लावू, रंगूबाई,” आमोद म्हणाला.

मैथिली हसली, पण मग गंभीर झाली. “आई, लग्न होऊन तीन वर्षं झाली. मी तुम्हांला आमच्याबरोबर जेवताना एकदाही पाहिलं नाही. तुम्ही भिंतीशी बोलता आणि भिंतीला टेकून जेवता. मला ती भिंत नको आहे ती एवढ्यासाठी.”

चारुशीलाबाई चहाचे कप उचलू लागल्या. मी काय बोलणार? ती खरे बोलत होती. माझ्यामुळे एक बाई आयुष्यभर पलीकडे राहिली होती. पण माझ्यामुळेच माडी वर राहिली होती, आणि त्या माडीवर रोज दुपारी मैथिलीची दोन वर्षांची ओवी झोपत असे.

“प्लायवूडची कपाटं खाली नकोत,” शेवटी चारुशीलाबाई इतकेच म्हणाल्या. “पुरात फुगतात. जे काय कराल ते पहिल्या रेघेच्या वर करा. आणि रेघांचं काय?”

“मी फोटो काढून ठेवते ना.”

“फोटोला कुंकू लावू का मी? रेघा समोरच्या भिंतीवर उतरवायच्या, तेवढ्याच उंचीवर. मगच हिला हात लावायचा.”

“उतरवू,” मैथिली म्हणाली. मी तेव्हा एवढेच ऐकले, की माझे मरण चार दिवसांवर आले आहे. रेघांच्या हट्टात काही दडले असेल, असे मलाही वाटले नाही.

कोंडाजी गवंडी कापडे गावचा. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. त्याने मला बोटांनी ठोकून पाहिले. “भित रुंद हाय, पन तिच्यात काय दम नाय, वहिनी. दोन दिसात सपाट.”

मैथिलीने अण्णांचा जुना निळा नकाशा उघडला. “तुळईखाली खांब दाखवलाय. म्हणजे ओझं खांबावर आहे. भिंत नुसती आडोशाची.”

“मंग काय इचारायचंच नाय.”

ज्या खांबाविषयी ते बोलत होते तो अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका पंगतीसाठी रद्द झाला होता. नकाशात तो उभा होता; खोलीत नव्हता. आणि कोणी मान वळवून पाहिले नाही. खांब इतका नव्हता, की त्याचे नसणेही कोणाच्या डोळ्यांत येत नव्हते. मी ओरडले असते, पण माझ्यापाशी ओरडण्यासारखे एकच साधन होते, चीर. आणि चिरांत लांबी भरलेली होती.

गुरुवारी, आमोदच्या कारखान्याच्या सुटीच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास कोंडाजीने स्वयंपाकघराच्या बाजूने, वरच्या अंगाला, पहिला घाव घातला. “अंदाज घेतो,” म्हणाला. गिलावा पडला. मग एक वीट, दोन, पाच. सातवी वीट निघाली तेव्हा तुळईचे टोक माझ्यावर किंचित कलले, आणि माझ्या पोटातून वाळू झरली. माडीवर ओवी झोपलेली होती. तिचा पाळणा ज्या फरशीवर, ती फरशी स्लॅबवर, स्लॅब तुळईवर, तुळई माझ्यावर. आणि माझ्यावर घण. ही साखळी त्या घरात फक्त मला माहीत होती. वर दाराचा कुर्रर आवाज झाला. रंगूबाई म्हणाली, “वारा सुटला वाटतं.” पान हलत नव्हते.

कोंडाजीने आठव्या विटेसाठी हात उचलला आणि चारुशीलाबाई दारात उभ्या राहिल्या. भाजीची पिशवी तशीच हातात.

“कोंडाजी! रेघा उतरवल्या?”

“उतरवू की, काकू. आदी वरचा भाग मोकळा करून घेतो.”

“आधी रेघा. मी काय सांगितलं होतं?”

“अवो, रेघ कुठं पळून जातेय?”

“तूच पाडतोयस तिला. खाली उतर. नाहीतर तुझ्या घरी येऊन तुझ्या बायकोला सांगेन, की तू शिडीवर चढून बायकामाणसांशी वाद घालतोस.”

कोंडाजी कुरकुरत उतरला. त्याने पिशवीतून पारदर्शक लांब नळी काढली आणि तिच्यात पाणी भरले. गवंडी समतल याच नळीने काढतात. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर उभे राहते, आणि पाणी खोटे बोलत नाही. एक टोक आमोदने माझ्या डाव्या कडेला, सर्वांत जुन्या रेघेवर धरले. दुसरे कोंडाजीने उजव्या कडेला धरले. जुळले. मग सहज, रेघ नीट यावी म्हणून, त्याने नळी माझ्या मध्यावर आणली.

पाणी रेघेच्या वर उभे राहिले.

“नळीत हवा हाय,” तो म्हणाला. नळी रिकामी करून पुन्हा भरली. पाणी तिथेच. माझी रेघ पाच सूत खाली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

“काकू, तुमचा हात हलला व्हता वाटतं रेघ मारताना.”

“माझा हात हलेल. पाण्याचा कसा हलेल? गाळाच्या खुणेवरूनच मारली होती.”

कोंडाजीने दुसरी रेघ पाहिली. तीन सूत खाली. तिसरी, चौऱ्याण्णवची. एक सूत. त्याने नळी खाली ठेवली. नदीने तीनदा माझ्यावर सरळ रेघ ओढली होती, आणि तिन्ही रेघा माझ्या मध्यावर वाकल्या होत्या. जितकी जुनी तितकी अधिक. जे सोनबाने लिहून ठेवायला सांगितले होते ते लिहिलेलेच होते.

“भित बसतेय,” कोंडाजी हळूच म्हणाला. “मधी बसतेय. आडोशाची भित अशी बसत नाय, वहिनी. हिच्या डोक्यावर काय तरी हाय.”

“पण खांब आहे ना,” मैथिली म्हणाली. “नकाशात...”

आणि तेव्हा रघुवीरराव, जे आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते, सवयीने म्हणाले, “आमच्या खोलीत खांब कुठला? अण्णा नेहमी सांगायचे, अकरा पानं एका ओळीत, मध्ये एक...”

वाक्य पुरे झाले नाही. वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवरून घसरले. इतकी वर्षे अभिमानाने म्हटलेले ते शब्द पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या कानांवर पडले होते. मैथिलीने नकाशाकडे पाहिले, खोलीच्या मध्याकडे पाहिले, मग छताकडे.

“ओवी,” ती म्हणाली, आणि जिना चढताना तिची चप्पल खालीच राहिली.

ओवी झोपेतच खाली आली. कोंडाजीने अंगणातले वासे आणून तुळईखाली टेकू दिले. मग त्याने काढलेल्या सातही विटा एकेक करून परत बसवल्या, आणि शेवटची बसवून झाल्यावर माझ्यावर तळवा ठेवून तसाच उभा राहिला. “माफ कर गो बाय,” तो म्हणाला. माणसाने मला उद्देशून काही बोलण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे इंजिनियर आला, मोजमापे झाली. पुढच्या खोलीत खोल खड्डा खणला गेला, अण्णांनी बुजवायला लावलेल्या खड्ड्याच्याच जागी. खांब उभा राहिला. महिनाभर त्याला गोणपाट गुंडाळून पाणी मारले. मैथिलीने आपला आराखडा बदलला: आता जेवणाचे टेबल खांबाला लागूनच, आणि टांगते दिवे खांबाच्या दोन बाजूंना. रघुवीरराव पाहुण्यांना सांगू लागले, “मध्ये खांब आहे, बरं का.” टेकू काढले त्या दिवशी तुळई खांबावर टेकली, आणि माझ्या डोक्यावरून अठ्ठावीस वर्षांचे काहीतरी उतरले.

त्या सुटकेत माझा निकाल होता, हे कळायला मला एक दिवस लागला. ओझे होते तोवर मला पाडता येत नव्हते. आता येते.

आज दुपारी चारुशीलाबाईंनी समोरच्या भिंतीवर तिन्ही रेघा गेरूने रेखल्या, कोंडाजीच्या नळीने काढलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सरळ. दर दसऱ्याला नळी लावून त्या तपासायच्या, असे सासूसुनांचे ठरले आहे. मग चारुशीलाबाई माझ्याकडे वळल्या. माझ्या वाकलेल्या रेघांना त्यांनी हळदकुंकू लावले. “बाई, होतीस म्हणून होतो,” इतकेच म्हणाल्या. नदी परत जाताना त्या तिच्याशी जशा बोलतात तशाच.

मला भीती वाटते, हे मी लपवत नाही. घणाची वाटते. पण पूर्वीच्या भीतीशी तिची तुलना होत नाही. तेव्हा माझ्याबरोबर घर गेले असते. आता मी एकटी जाईन. वाचकहो, तुम्हीही घरे मोकळी करत असाल. उजेड आत घ्या, माणसे एका टेबलाशी आणा, त्यात वाईट काही नाही. पण भिंत पाडण्याआधी तिच्या डोक्यावर काय आहे ते नकाशाला विचारू नका. तिच्या अंगावर काय आहे ते पाहा.

आणि मैथिली, तुला ऐकू येणार नाही, तरी एक मागणे आहे. परवा रात्री चारुशीलाबाई पहिल्यांदा तुमच्याबरोबर जेवायला बसतील. दोन घास खाऊन झाले की सवयीने त्या मागे रेलतील. मी तिथे नसेन. त्या बसण्याआधीच पाठ असलेली खुर्ची त्यांच्याकडे सरकव.